श्रुतलेखनाची वही

प्राथमिक शाळेतील मुलांच्या दप्तरात एक वही अशी असते, जी आईवडिलांपुढे ठेवण्यास मुले सहसा उत्सुक नसतात. ती वही श्रुतलेखनाची. गणिताचे उत्तर चुकले तरी रीत बरोबर असल्याचे थोडे गुण पदरात पडतात. श्रुतलेखनात तशी सोय नाही. वेलांटी चुकली की शब्द चुकला, आणि चुकलेल्या शब्दाभोवती लाल शाईचे वर्तुळ पडलेच. परिच्छेदात अशी बारा-पंधरा वर्तुळे झाली, की आपण काय लिहिले होते याकडे मुलाचे लक्षच राहत नाही; त्याला वर्तुळे तेवढी दिसतात.

रत्नागिरी तालुक्यातील निरनिराळ्या प्राथमिक शाळांत मी 31 वर्षे शिकवले. आमच्या घरात बोलभाषा कच्छी. मराठी आम्ही भावंडांनी शाळेत आणि शेजारच्या ओटीवर बसून आत्मसात केली. निवृत्त झाल्यापासून आळीतील पाच-सहा मुले शनिवारी दुपारी माझ्याकडे श्रुतलेखनाच्या तयारीसाठी येतात. काहींच्या घरी गुजराती किंवा मारवाडी बोलतात, काहींच्या घरी संगमेश्वरी वळणाची बोली. पुस्तकातील मराठी या सर्वांनाच थोडी परकी असते. या मुलांबरोबर काम करताना जे ध्यानात आले, ते आपल्या समाजातील आईवडील आणि आजीआजोबांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम अडचण नेमकी कोठे आहे ते पाहू. आपण मुलांना सांगतो, “नीट ऐक आणि ऐकशील तसे लिही.” हा उपदेश वरवर निर्दोष वाटतो, परंतु मराठीत तो पुरा पडत नाही. ‘विहीर’ हा शब्द सहज बोलून पाहावा. त्यातील पहिली वेलांटी ऱ्हस्व आणि दुसरी दीर्घ आहे, हे कानाला स्पष्ट जाणवते का? बोलताना आपण स्वराची लांबी शब्दातील त्याच्या जागेप्रमाणे आपोआप कमीअधिक करतो, आणि ती लांबी बदलल्याने सहसा अर्थ बदलत नाही. म्हणून मुलाचा कान तिकडे लक्ष देत नाही. श्रुतलेखन घालताना शिक्षक ‘विहीऽऽर’ असे ताणून उच्चारतात, ती खरे तर अप्रत्यक्षपणे केलेली मदत असते. घरी आईने सहज आवाजात तोच शब्द उच्चारला, की मूल पुन्हा अडखळते. याचा अर्थ त्याचा कान वाईट आहे असा नव्हे. जे कानाला मिळतच नाही, ते त्याने मनातून काढावे लागते. आणि मनात ते कोणीतरी आधी ठेवलेले असावे लागते.

दुसरी अडचण बोली आणि ग्रंथभाषा यांतील अंतराची. घरी मूल ‘केलं’, ‘गेलं’, ‘झालं’ ऐकते. पुस्तकात ‘केले’, ‘गेले’, ‘झाले’ असते. परिच्छेद वाचणारा मोठा माणूसही नकळत पहिल्याप्रमाणे उच्चारून जातो आणि मूल प्रामाणिकपणे ‘केल’ असे लिहून मोकळे होते. तिसरी अडचण निव्वळ आपल्या कोकणची. येथे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. पत्र्याच्या छपरावर सर आली की शेवटच्या बाकावर शिक्षकांचा आवाजच पोहोचत नाही. आषाढातील वह्या मी तपासत असे, तेव्हा पुढच्या बाकावरच्या आणि मागच्या बाकावरच्या मुलांच्या चुका सारख्या नसत.

या अडचणींचा परिणाम मुलांवर काय होतो, हे मला एका मुलीमुळे विशेषत्वाने उमजले. ती चौथीत होती. घरी गुजराती, शाळा मराठी माध्यमाची. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. अशी पद्धत पुष्कळ ठिकाणी असते. चुकलेला प्रत्येक शब्द 25 वेळा लिहून आणायचा, असा तेथील दंडक होता. ती माझ्या ओटीवर बसून ‘विहीर’ लिहीत होती. तिने आधी पानभर खाली खाली ‘वि’ लिहिले, मग त्यांच्या शेजारी ओळीने ‘ही’, आणि मग ‘र’. पाऊण पान झाल्यावर ‘ही’चा ‘हि’ झाला आणि तो तसाच शेवटपर्यंत गेला. पंचवीस वेळा लिहिताना ‘विहीर’ हा अख्खा शब्द तिच्या मनातून एकदाही गेला नव्हता.

त्याहून गंभीर गोष्ट नंतर लक्षात आली. तिच्या निबंधाच्या वहीत ‘बहीण’ हा शब्द कोठेच नव्हता. सर्वत्र ‘ताई’ होते. ‘पाऊस’ टाळण्यासाठी ‘ढग आले आणि पाणी पडले’ असे वाक्य होते. ‘विहीर’ नव्हती, ‘नळ’ होता. जे शब्द चुकण्याची भीती वाटे, ते तिने आपल्या लिखाणातून एकेक करून काढून टाकले होते. तिच्या निबंधात चुका थोड्या असत, म्हणून तिला ‘ठीक’ असा शेराही मिळे. परंतु दहा वर्षांची मुलगी स्वतःहून भाषेतील शब्द कमी करत चालली होती. ज्या अभ्यासाने तिला शब्द मिळायचे, तोच तिचे शब्द हिरावून घेत होता. वडिलांनी तर मनाशी ठरवलेच होते, की मराठी हिला जमणार नाही, जूनपासून इंग्रजी शाळेत घालावे. मी त्यांच्याकडे दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली.

याच सुमारास माझ्या भाचीशी फोनवर बोलणे झाले. ती फ्रान्समध्ये ल्योन शहरात राहते आणि तिचा मुलगा तेथील प्राथमिक शाळेत जातो. तिची तक्रार ऐकून मला नवल वाटले, कारण ती अक्षरशः आमच्या आळीतील आयांचीच तक्रार होती. तेथे श्रुतलेखनाला ‘दिक्ते’ म्हणतात आणि त्याचा धाक पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. फ्रेंचमध्ये लिहिलेली पुष्कळ अक्षरे उच्चारली जात नाहीत. ‘तो बोलतो’ आणि ‘ते बोलतात’ या दोन्ही वाक्यांचा उच्चार ‘इल पार्ल’ असाच होतो. लिहिताना मात्र अनेकवचनात, कानाला ऐकू न येणारी तीन अक्षरे वाढतात. म्हणजे कर्ता एक की अनेक हे वाक्याच्या अर्थावरून ओळखल्याशिवाय ते मूल शुद्ध लिहूच शकत नाही. ऱ्हस्वदीर्घाची आपली अडचण तिच्या मानाने सौम्यच म्हणावी लागेल.

त्या देशातील एक गोष्ट प्रसिद्ध आहे. 1857 साली सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या दरबारी मंडळींच्या करमणुकीसाठी प्रॉस्पेर मेरिमे या लेखकाने मुद्दाम कठीण शब्दांचा एक उतारा रचून श्रुतलेखन घातले. सम्राटाच्या 75 चुका झाल्या, सम्राज्ञीच्या 62, नामांकित नाटककार धाकट्या द्यूमाच्या 24, असे सांगतात. सर्वांत कमी, म्हणजे केवळ 3 चुका झाल्या त्या मेटर्निख यांच्या. आणि ते होते ऑस्ट्रियाचे मुत्सद्दी, म्हणजे परकीय. ही गोष्ट मी आमच्या शनिवारच्या मुलांना सांगते, तेव्हा ज्यांच्या घरी मराठी बोलली जात नाही ती मुले जरा ताठ होऊन बसतात. भाषा जन्माने मिळाली म्हणजे तिचे लेखन हातात आले, असे नाही. परक्याने ती जाणीवपूर्वक, शब्द न्‌ शब्द पारखून घेतलेली असते आणि पुष्कळदा तोच अधिक शुद्ध लिहितो.

फ्रेंचांनी या धाकाचे पुढे एका खेळातही रूपांतर केले. बेर्नार पिव्हो यांनी 1985 पासून 2005 पर्यंत श्रुतलेखनाची राष्ट्रीय स्पर्धा चालवली. तिची अंतिम फेरी दूरचित्रवाणीवर होई, आणि घरोघरी मोठी माणसेही कागद-लेखणी घेऊन बसत. माझ्या दृष्टीने मोलाची मात्र त्यांच्या शाळांतील एक साधी पद्धत आहे. तेथे पुष्कळदा ‘तयार केलेले श्रुतलेखन’ असते. परिच्छेदातील अवघड शब्द मुलांना आठवड्याच्या आरंभीच देतात, त्यांवर वर्गात बोलतात, एका मुळापासून निघालेले शब्द एकत्र मांडतात आणि मग आठवड्याच्या अखेरीस लिहायला सांगतात. दुसऱ्या प्रकारात चार-पाच ओळी मुलांनी पाठ करायच्या आणि कोणी न सांगता स्वतःच्या आठवणीतून लिहायच्या. मूल कोठे फसते ते पाहण्यापेक्षा त्याच्या मनात शब्द आधी नीट ठेवण्यावर तेथे भर आहे.

आपल्या भाषेच्या लेखनाचे नियमही पुष्कळांना वाटतात तेवढे अनादी नाहीत. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले 14 नियम राज्य शासनाने 1962 साली स्वीकारले. 1972 साली त्यांत आणखी 4 नियमांची भर पडली. त्यापूर्वीची पुस्तके उघडली तर ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरांत’ अशी अनुस्वारांनी भरलेली रूपे आढळतात. माझे सासरे आयुष्यभर तसेच लिहीत आणि त्यांच्या हिशेबाच्या वह्यांतील मराठी त्या काळाच्या मानाने शुद्धच होती. नियम ही सोयीसाठी मान्य केलेली व्यवस्था आहे. ती पाळायलाच हवी. पण ती मोडली म्हणजे मुलाच्या हातून काही पातक घडले, असे त्याला वाटू देणे योग्य नाही.

या संदर्भात रत्नागिरीकरांना लोकमान्यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. 23 जुलै 1856 रोजी याच गावात त्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील गंगाधरपंत व्यवसायाने शिक्षक आणि व्याकरणाचे जाणकार होते. शाळेत असताना टिळकांनी श्रुतलेखनात ‘संत’ हा एकच शब्द ‘संत’, ‘सन्त’ आणि ‘सन्‌त’ असा तीन प्रकारे लिहिला. शिक्षकांनी पहिला बरोबर आणि उरलेले दोन चूक ठरवले, तेव्हा तिन्ही बरोबर आहेत असा आग्रह त्यांनी धरला, अशी आख्यायिका आहे. मुलांना या गोष्टीतील हट्ट आवडतो. त्या हट्टामागे काय होते, ते मी त्यांना आवर्जून सांगते. अनुस्वाराच्या जागी नेमका कोणता ध्वनी उच्चारला जातो हे त्या मुलाला ठाऊक होते. कारण ठाऊक असले की मूल शिक्षकांशीही विनयाने बोलू शकते. नुसते घोकलेले असले की लाल वर्तुळापुढे मान खाली घालण्यावाचून त्याला गत्यंतर नसते.

आता प्रत्यक्ष तयारीविषयी. मी मुलांना नियमाचे वाक्य आधी सांगत नाही. आम्ही स्वयंपाकघरापासून आरंभ करतो. मीठ, पीठ, तूप, गूळ, चूल हे शब्द मुलांनी फळ्यावर एकाखाली एक लिहायचे. मग प्रत्येकाला शेपूट जोडायचे: मिठात, पिठाचे, तुपात, गुळाचा, चुलीवर. शेपूट लागताच दीर्घ अक्षर ऱ्हस्व झाले, हे मुलांच्या स्वतःच्याच नजरेस येते. नंतर अंगणात उतरायचे: पाऊस, वीज, फूल, विहीर, पावसात, विजेचा, फुलाला, विहिरीत. हापूस तर कोणालाच चुकवायचा नसतो. एवढे झाल्यावर एखादे मूल आपण होऊन विचारते, “बाई, मग ‘गुण’ आणि ‘सुख’ का ऱ्हस्व?” हा प्रश्न आला की निम्मे काम झाले असे समजावे. हे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आलेले पाहुणे आहेत, ते आपल्या घरच्या रीतीने वागतात, असे सांगितले की ते मुलांच्या कायमचे ध्यानात राहते. ‘शरीर’ला शेपूट लावून ‘शरीराला’ केले तरी त्यातील दीर्घ वेलांटी हलत नाही, हेही मग ती शोधून काढतात. शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ, पण ‘आणि’ला मात्र सवलत, ही गंमत तर पहिलीतील मूलही विसरत नाही.

दुसरे पथ्य असे, की परिच्छेद सांगण्यापूर्वी तो एकदा गोष्टीसारखा वाचून दाखवावा आणि त्याचा अर्थ विचारावा. अर्थ समजलेले मूल पुढचा शब्द अंदाजाने ओळखते. पावसाच्या आवाजात एखादे अक्षर हरवले तरी अडत नाही. सांगताना सुटे शब्द न सांगता अर्थाचे तीन-चार शब्दांचे तुकडे सांगावेत आणि स्वर ताणू नयेत. संपल्यावर वही लगेच ओढून घेऊ नये. ज्या शब्दांची शंका वाटते त्यांच्याखाली मुलानेच पेन्सिलीने बारीक रेघ मारावी. शंका योग्य जागी आली, तर शब्द चुकला तरी मी अर्धा गुण देते. आणि शेवटी चुकलेले शब्द मोजण्याऐवजी बरोबर आलेले मोजावेत. साठ शब्दांत बारा चुकले, म्हणजे अठ्ठेचाळीस बरोबर आले. दोन्ही एकच, पण मुलाच्या चेहऱ्यावर ते एक दिसत नाही.

तिसरा प्रकार मुलांचा सर्वांत लाडका आहे. यात मूल परिच्छेद सांगते आणि मी फळ्यावर लिहिते. लिहिताना चार-पाच जागी मुद्दाम कमी-अधिक करते. कोठे वेलांटी फिरवते, कोठे अक्षर गाळते. मुलांनी ते पकडायचे आणि का चुकले ते सांगायचे. एरवी ज्यांच्या वहीत पंधरा वर्तुळे असतात, तीच मुले येथे गरुडाच्या नजरेने पाहतात.

हा प्रकार मला कोठून सुचला, ते आपल्या वाचकांच्या लगेच लक्षात येईल. गिरनारच्या चंद्रगुंफेत राहणाऱ्या धरसेन आचार्यांनी श्रुतज्ञान सोपवण्यापूर्वी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींची परीक्षा घेतली. दोघांना साधनेसाठी दिलेल्या मंत्रांपैकी एकात एक अक्षर अधिक होते, दुसऱ्यात एक अक्षर कमी. साधनेअंती देवता प्रकट झाल्या त्या विरूप; एकीचे दात पुढे आलेले, दुसरी एका डोळ्याने अधू. देवता अशा असत नाहीत, तेव्हा मंत्रातच काही उणेअधिक असले पाहिजे, हे दोघांनी ओळखले आणि व्याकरणाच्या आधारे अक्षरे दुरुस्त केली. पुढे याच दोघांच्या हातून षट्खंडागम लिहिला गेला आणि त्याच्या स्मरणार्थ ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी साजरी होते. श्वेतांबर परंपरेत कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी म्हणून ग्रंथांचे पूजन होते. हीनाक्षर आणि अधिकाक्षर हे आपल्याकडे पाठाचे दोष मानलेले आहेत. शतकानुशतके ऐकून जपलेले ज्ञान लिहून ठेवणाऱ्या परंपरेत वाढणाऱ्या मुलांना ‘श्रुतलेखन’ या शब्दाचा तरी धाक वाटू नये. या कथेत मला विशेष जाणवते ते हे, की गुरूंनी उणेअधिक मुद्दाम ठेवले होते, ते शिष्यांना ओळखता यावे म्हणून. आणि शिष्यांनी कोणाला न विचारता ते आपल्या बुद्धीने नीट केले.

त्या चौथीतील मुलीचे पुढे काय झाले, हे सांगायला हवे. मी तिला एक कोरी वही दिली आणि तिच्यावर ‘घाबरवणारे शब्द’ असे तिच्याकडूनच लिहून घेतले. ज्या शब्दाची भीती वाटेल तो त्या वहीत लिहायचा, जमेल तसा. लाल शाई तेथे चालणार नाही, असा करार झाला. पहिल्या पानावर सात शब्द होते. गणेशोत्सवापर्यंत ते साठांच्या पुढे गेले, आणि त्यांत ‘कुळीथ’, ‘पागोळी’, ‘इरले’ असे, शाळेच्या परिच्छेदात कधी न येणारे शब्दही दिसू लागले. ती ते आळीतील आजींना विचारून आणत होती. कोणत्या शब्दाला शेपूट लागले की काय होते, हे ती पलीकडच्या पानावर लिहून ठेवी. सहामाही परीक्षेत तिच्या श्रुतलेखनात चुका होत्या. पूर्वीपेक्षा कमी, पण होत्याच. निबंधात मात्र चुका वाढल्या होत्या. वडील निबंधाची ती वही घेऊन काहीशा नाराजीने माझ्याकडे आले. मी त्यांना तो निबंध मोठ्याने वाचायला सांगितले. विषय पावसाळ्याचाच होता. त्यात पागोळ्या होत्या, काठोकाठ भरलेली विहीर होती, त्या विहिरीत डोकावू नकोस म्हणून ओरडणारी बहीण होती. ‘बहीण’ची वेलांटी एका जागी चुकली होती. वाचता वाचता ते मध्येच थांबले आणि म्हणाले, “ही विहीर आमच्या मागीलदारची.” शाळा बदलण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

शुद्धलेखनाला महत्त्व नाही, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. शुद्ध लिहिणे ही वाचणाऱ्याविषयीची आदरबुद्धी आहे. आणि आज ना उद्या अर्जावर, पत्रात, परीक्षेत मुलांना ती दाखवावीच लागेल. परंतु क्रम सांभाळला पाहिजे. मुलाने शब्द वापरण्याचे धाडस आधी करावे. त्याची वेलांटी आपण नंतर त्याच्याबरोबर बसून नीट करू. वापरलाच नाही असा शब्द कोणालाच दुरुस्त करता येत नाही.

घरोघरीच्या आजीआजोबांना माझी विनंती एवढीच, की आठवड्यातून दोनदा दहा मिनिटे काढावीत. लहानसा उतारा पुरे. पाठ्यपुस्तकातला असो वा या मासिकातला. एकदा आपण सांगावा, एकदा नातवंडाला सांगू द्यावा आणि आपण लिहावे. आपले मराठी लेखन कच्चे असेल तर अधिकच चांगले; मुलाला चुका शोधायला जागा मिळेल. आमच्या ल्योनच्या छोट्याने गेल्या महिन्यात मला फोनवर फ्रेंच श्रुतलेखन घातले. त्याच्या आईने माझे उत्तर तपासले आणि तीन ओळींत एकोणीस चुका काढल्या. तो अतिशय गंभीरपणे म्हणाला, “नानी, काळजी करू नकोस, आधी शब्द बघून घे, शुक्रवारी पुन्हा लिहू.”